दार फुगलंय की डोंगर सरकतोय?

जुलैत मुळशीच्या कोळवण खोऱ्यात कुणालाही ‘कसं काय चाललंय’ विचारलं, तर उत्तराची सुरुवात कटकटीने होते. लाईट काल दुपारपासून गेलेली आहे. वायरमन फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ‘लाईनवर झाड पडलंय’ एवढं बोलून ठेवून देतो. घरात रेंज येत नाही. बांधावर जाऊन उभं राहिलं की येते, पण तिथे भर पावसात फोन काढायचा कसा? लावणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. शनिवार-रविवार हाडशीकडे आणि पुढे तिकोन्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या अरुंद रस्त्यावर आडव्यातिडव्या उभ्या असतात आणि दुधाची गाडी त्यांच्यात अडकून पडते. गेल्या वर्षी बुजवलेले खड्डे पुन्हा जिथल्या तिथे. घरात कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, आगपेटी पेटत नाही, मागचं दार फुगून बसतं आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. वळकी नदीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या या खोऱ्याला यातलं काहीच नवीन नाही.

२०२४च्या जुलैत या पाढ्यात खंड पडला. २५ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुळशी तालुक्यातल्याच ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात सबंध वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या जवळपास पाऊण हिस्सा एका दिवसात. त्याच दिवशी लवासात बंगल्यांवर दरड आली, पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. तक्रारींना ऊत आला, आणि तो रास्तच होता. मग पाच दिवसांनी, ३० जुलैच्या पहाटेआधी, केरळात वायनाड जिल्ह्यातल्या मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर उतरला. अडीचशेहून अधिक माणसं गेली, कित्येकांचा पत्ताच लागला नाही. कोळवणपासून वायनाड सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आसपास. पण मोबाईलच्या पडद्यावर चिखलातून डोकावणारं घराचं पत्र्याचं टोक दिसलं, आणि तासाभरापूर्वी वायरमनच्या नावाने बोटं मोडणारा माणूस म्हणाला, ‘जाऊ द्या, आपलं बरं म्हणायचं.’

असं तुम्ही-आम्ही सगळेच म्हणतो. लांब कुठेतरी मोठं संकट कोसळतं आणि आपल्या रोजच्या कुरकुरी एकदम लहान दिसू लागतात, थोडी लाजही वाटते. हे का होतं, किती टिकतं आणि त्याचा उपयोग काय, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना त्या अभ्यासाला भूगर्भशास्त्राची एक पुरवणीही जोडावी लागते.

आधी ‘का’. माणसाकडे सुखदुःख मोजायची स्थिर पट्टी नसते, तो शेजारी पाहून मोजतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला तो याबद्दलच. पुढे १९८१मध्ये टॉमस विल्स यांनी त्यात भर घातली, की माणूस अडचणीत असला म्हणजे आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतल्याकडे पाहतो आणि त्यातून त्याला बळ मिळतं. याचं सर्वांत हृद्य उदाहरण शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांशी बोलून नोंदवलं. जिची फक्त गाठ काढली होती ती म्हणे, ज्यांचा सगळा स्तन काढला त्यांचं कसं होत असेल! जिचा स्तन काढला होता ती म्हणे, माझं वय झालंय, पण तरण्याताठ्या पोरींनी काय करावं? लग्न झालेलीला एकटीची कीव येई. समोर अशी कोणी नसेल तर या बायका ती कल्पनेने उभी करत. आजारात सर्वांत वाईट स्थिती कुणाची, हे डॉक्टरला सांगता आलं असतं. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीला मात्र ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

गावागावांची अशी एक मोजपट्टी ठरलेलीही असते. पुण्याच्या जुन्या माणसांची पट्टी पानशेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला फोडलं आणि मुठेकाठचं निम्मं पुणं धुऊन निघालं. नंतर कितीतरी वर्षं घरातल्या गोष्टींची तारीख ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी सांगितली जाई, आणि नळाला दोन दिवस पाणी आलं नाही म्हणून कुणी चिडलं की आजी पानशेत काढायची. चिडणारा गप्प बसायचा. पटून बसायचा की आजीपुढे बोलता येत नाही म्हणून, हा प्रश्न वेगळा.

आता ‘किती टिकतं’. इथे ॲडम स्मिथ आठवतो. अर्थशास्त्राचा म्हणून आपल्याला माहीत असलेला हा स्कॉटिश माणूस मुळात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. लिस्बन शहर १७५५च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं, त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या ‘नैतिक भावनांचा सिद्धांत’ या पुस्तकात त्याने एक कल्पना लढवली. समजा, सगळा चीन देश भूकंपात गडप झाला. ही बातमी ऐकून युरोपातला एखादा भला माणूस हळहळेल, आयुष्याच्या क्षणभंगुरतेबद्दल चार शब्द बोलेल, व्यापारावर काय परिणाम होईल याचाही विचार करेल, आणि मग जेवूनखाऊन शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापणार आहेत असं त्याला कळलं, तर त्याला रात्रभर डोळा लागणार नाही. लोक सहसा हे एवढंच सांगतात आणि माणसाच्या स्वार्थीपणावर मान हलवतात. स्मिथचा खरा मुद्दा पुढेच आहे. याच माणसाला विचारा, करंगळी वाचवायला कोट्यवधी चिनी माणसांचा जीव देशील का? तो दचकून मागे सरेल. भावना करंगळीच्या बाजूने आहेत, निवाडा मात्र चीनच्या बाजूने. स्मिथच्या मते हा निवाडा करुणेच्या उमाळ्यातून येत नाही. आपल्या मनात एक तटस्थ पंच बसलेला असतो, त्याच्याकडून येतो.

करंगळीची गोष्ट आपल्याला नवी वाटायचं कारण नाही, आपल्याकडे तर तिचं कोष्टकच आहे. भाऊबंदातलं कुणी गेलं तर दहा दिवस सुतक, नातं लांबचं असेल तर तीन दिवस, त्याहून लांबचं असेल तर नुसती अंघोळ. ही प्रथा शुद्धाशुद्धीच्या कल्पनेवर उभी आहे आणि तिचा जाच विशेषतः बायकांनी भोगला आहे, म्हणून मी तिची वकिली करणार नाही. पण एक गोष्ट तिने कधी लपवली नाही, ती म्हणजे शोक अंतराप्रमाणे उतरत जातो. गावात मयत झालं की वाजंत्री थांबते, शेजारच्या घरात चूल पेटत नाही, आणि त्या दिवशी लाईट गेल्याची तक्रार खरोखरच कुणी करत नाही. वायनाडसाठी मात्र अंघोळीचंसुद्धा सुतक नव्हतं. चार दिवस फोटो पुढे पाठवले गेले, पाचव्या दिवशी वायरमन पुन्हा चर्चेत आला.

ही उतरण मोजलीही गेली आहे. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर अ‍ॅलन कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचा मृतदेह सापडला. लाल शर्टातलं ते पालथं पडलेलं मूल जगाने पाहिलं. पॉल स्लोविक आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या तपासली. छायाचित्र छापून आल्यानंतरच्या आठवड्यात ती आधीच्या आठवड्याच्या शंभरपटीहून वर गेली होती. सहाएक आठवड्यांत भर ओसरला. सीरियातलं युद्ध तेव्हा पाचव्या वर्षात होतं आणि लाखो लोक मेलेले होते, पण त्या लाखोंनी जे केलं नाही ते एका मुलाने केलं. स्लोविक या बधिरपणाचे जुने अभ्यासक. आकडा जसा वाढत जातो तशी भावना वाढत नाही, उलट बोथट होत जाते, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडचंच पाहा. २०१४मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीणचा मृतांचा आकडा विचारला तर बहुतेकांना आठवावा लागेल. ढिगाऱ्यातून आई आणि तीन महिन्यांचं बाळ जिवंत निघाल्याचं मात्र पुष्कळांना अजून आठवतं.

थोडक्यात, लांबच्या दुःखाने आलेलं शहाणपण पंधरवड्याचं पाहुणं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं फारसं नाही. ते टिकलं असतं तर आपण रोजच्या बातम्या वाचून वेडे झालो असतो. मला खटकतं ते दुसरंच. आपल्या कटकटी क्षुल्लक आहेत हे त्या पंधरवड्यात आपण इतक्या सहज मान्य करतो, आणि ते खरं नसतं.

१९८१मध्ये कॅलिफोर्नियात ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि मंडळींनी शंभर मध्यमवयीन माणसांकडून महिन्या-महिन्याला याद्या भरून घेतल्या. यादीत ११७ प्रकारच्या कटकटी होत्या. वस्तू सापडत नाहीत, महागाई, घराची डागडुजी, कामं फार आणि वेळ कमी, वाढतं वजन, अशा. तोवर ताणाचं मोजमाप मोठ्या घटनांवरून होत असे. जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं यांना गुण देऊन बेरीज करायची. या अभ्यासात दिसलं, की माणसाच्या मनःस्वास्थ्याचा अंदाज मोठ्या घटनांच्या बेरजेपेक्षा या किरकोळ कटकटींवरून जास्त चांगला येतो. पुढे या याद्यांवर टीकाही झाली. आधीच खचलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट कटकटीचीच वाटणार, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आक्षेप बरोबर आहे. पण ज्याने तीन दिवस लाईट नसताना घरात आजारी माणूस सांभाळलं आहे, त्याला या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही.

दुसरा अभ्यास याहून गमतीचा. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये दाखवलं, की कधी कधी मोठा घाव लवकर भरतो आणि लहान ओरखडाच जास्त दिवस ठणकत राहतो. याचं कारण असं, की मनाची स्वतःला सावरायची यंत्रणा आहे, पण दुःख एका मर्यादेच्या वर गेल्याशिवाय ती कामालाच लागत नाही. कोळवणातला माणूस शेजारच्या वाडीवर जायचं तर चालत निघतो, पौडला जायचं तर मोटारसायकल काढतो. परिणामी लांबच्या पौडला तो कधी कधी वाडीच्या आधी पोहोचतो. दुःखाचंही असंच होतं. घर पडलं तर माणूस देव, दैव, नातेवाईक, गाव, सगळ्यांना कामाला लावतो आणि उभा राहतो. बांधाच्या वादात शेजाऱ्याने टाकलेला टोमणा एवढा मोठा नसतो की त्यासाठी कुणी सांत्वनाला यावं, म्हणून तो वीस वर्षं जिवंत राहतो.

म्हणजे ‘त्यांचं बघा, तुमचं काय घेऊन बसलात’ हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेही कच्चं आहे. स्वतःच्या मनाशी म्हटलं तर त्याचा थोडा वेळ उपयोग होतो. दुसऱ्याला ऐकवलं तर ते बहुतेक वेळा त्याचं तोंड बंद करायला वापरलेलं असतं. गौतम बुद्धांकडे मेलेलं मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असं त्यांनी तिला सांगितलं. जग दुःखाने भरलेलं आहे यावर प्रवचन देऊन त्यांनी तिला परत पाठवलं नाही. तिला दारोदार फिरायला लावलं, आणि प्रत्येक दारात तिला कुणाच्या तरी मरणाची हकिगत ऐकावी लागली. तुलना तिची तिने केली, तीही लांबच्या देशाशी केली नाही, आळीतल्या घरांशी केली.

मुळशीला तर या वाक्याची उलटी बाजू शंभर वर्षांपूर्वीच दिसली आहे. शेजारच्या मुळा खोऱ्यात टाटांचं धरण व्हायचं ठरलं, त्यात सुमारे पन्नास गावं जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात होते, याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केलं. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. धरणाचं पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि वीज मुंबईला गेली. मुंबईच्या लेखी मुळशीचं बुडणं ही दूरची दुर्घटना होती, आणि तिच्यासमोर शहराची गरज मोठी असल्याचं मावळ्यांना सांगितलं गेलं. कुणाचं दुःख लांबचं आणि कुणाची अडचण जवळची, हे ज्याच्या हातात सत्ता असते तो ठरवतो. मुळशीच्या डोंगरात आज लाईट जाते तेव्हा एखादा म्हातारा हा हिशेब काढतो, आणि त्याला कुरकुऱ्या म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता भूगर्भशास्त्राची पुरवणी.

वायनाडच्या दुर्घटनेआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत तिथे ५७२ मिलिमीटर पाऊस झाल्याचं केरळच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. ताम्हिणीत त्याच आठवड्यात ५५६ मिलिमीटर चोवीस तासांत पडला होता. म्हणजे ज्या पावसाने तिथला डोंगर आणला, जवळजवळ तेवढाच पाऊस मुळशीने निम्म्या वेळात झेलला. डोंगर तोच, पश्चिम घाट. तारखेचाही योगायोग आहे. वायनाडच्या बरोबर दहा वर्षं आधी, ३० जुलै २०१४च्या सकाळी, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं होतं. कोळवणपासून माळीण सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. चाळीसच्या वर घरं गेली, १५१ माणसं गेली. बातमी बाहेर आली ती एसटीमुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या चालकाला रस्ता संपला तिथे गावच दिसेना, त्याने मागे फिरून सांगितलं. (गाडी वेळेवर येत नाही ही डोंगरातली कायमची ओरड. त्या सकाळी ती आली नसती तर मदतीला आणखी किती वेळ लागला असता, सांगता येत नाही.) तळेगावहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान गेले, भर पावसात आठवडाभर ढिगारे उपसत राहिले. नवं माळीण आमडे इथे वसवून २०१७च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिलं गेलं. मधल्या काळात रायगडात तळिये दरडीखाली गेलं, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी गेली, १९ जुलै २०२३च्या रात्री.

दरड कशी सुटते, ते सांगायला सोपं आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, खाली कातळ अखंड. त्याच्यावर झिजून झालेला मुरूम आणि माती. पावसाचं पाणी मातीतून मुरत कातळापर्यंत जातं आणि तिथे अडतं. कातळावर पाणी साठत गेलं की मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकायचे ते अलगद उचलले जातात, घर्षण संपतं. वजन तर पाण्याने वाढलेलंच असतं. अशा वेळी उताराचा पायथा कुणी कापलेला असेल, वर पाणी काढून देणारा चर बुजलेला असेल, जुनी झाडं गेलेली असतील, तर वरच्या मातीला धरून ठेवायला काही उरत नाही. माळीणमध्ये सपाटीकरणासाठी फिरलेली यंत्रं किती कारणीभूत आणि पाऊस किती, यावर वाद झाले. उतार पायथ्याशी कापू नये, यावर वाद नाही. पुणे परिसरात एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे ती यासाठीच. मुळशीत ‘डोंगराच्या कुशीत शांत सेकंड होम’ अशी पाटी लावून जेसीबी ज्या उताराला लावलेला दिसतो, तो मोजून पाहायला कुणी जात नाही.

आणि इथे कटकटी परत येतात, वेगळ्या रूपात. डोंगर सरकण्याआधीच्या खुणा म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ ज्या गोष्टी सांगतात, त्या वाचल्या तर गावातल्या पावसाळी तक्रारींचीच यादी वाचतोय असं वाटतं. विजेचा खांब कलला. कुंपणाची तार एका जागी ताणली गेली, दुसरीकडे सैल पडली. रस्त्याला आडवी भेग गेली. घराच्या जोत्याला तडा गेला. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे ओल आली, भिंतीच्या पायाशी झरा फुटला. नेहमीचा नितळ ओढा एकाएकी गढूळ झाला, किंवा पाऊस चालू असताना त्याचं पाणी कमी झालं. दारं-खिडक्या अडकायला लागल्या.

शेवटच्या खुणेने घोटाळा होतो, कारण कोळवणात जुलैत कुणाचं दार अडकत नाही? फरक ओळखता येतो. लाकूड दमट हवेने फुगतं ते रुंदीत. दार कडेने घासतं, दर वर्षी त्याच सुमाराला घासतं आणि ऊन पडलं की सुटतं. घराखालची जमीन हलली तर चौकट काटकोनातून जाते. मग दार एकाच कोपऱ्यात अडतं, समोरच्या कोपऱ्यात वरून फट दिसते, आणि चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरका तडा निघतो. लोखंडी दार फुगत नाही. तेही यंदाच पहिल्यांदा अडकायला लागलं असेल तर हवेला दोष देता येणार नाही. ओढ्याचंही तसंच. पहिल्या जोराच्या पावसाने सगळे ओढे गढूळ होतात. आठवडाभर नितळ वाहिलेला ओढा उघडिपीत गढुळला तर मात्र वर काहीतरी सुटलेलं असू शकतं.

तेव्हा ‘वायनाडच्या मानाने आपलं काहीच नाही’ असं म्हणून ज्या तक्रारी आपण गिळतो, त्यांत दोन जाती मिसळलेल्या असतात. रेंज, पर्यटकांच्या गाड्या, मिठाचं पाणी या एका जातीच्या; त्या सोसता येतात, त्यांच्यावर विनोद करता येतो आणि वायनाड आठवून त्या चार दिवस विसरल्या तरी कुणाचं बिघडत नाही. कललेला खांब आणि बुजलेला चर या दुसऱ्या जातीच्या. वायनाड पाहून त्या लहान वाटायला नकोत, मोठ्या वाटायला हव्यात. पंचनामा करायला आलेल्या माणसाला ‘इथला चर गेल्या वर्षीपासून बुजलाय, तीनदा सांगितलं’ असं सांगणारा गावकरी हटवादी ठरतो आणि सोशिक गावकऱ्याचं कौतुक होतं. स्मिथच्या तटस्थ पंचाला विचारलं तर तो कौतुक हटवाद्याचं करेल, असा माझा अंदाज आहे.

माळीणनंतर पुणे जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांची पाहणी झाली, २३ गावांची यादी निघाली. तीत मुळशीतलं घुटके आहे, डोंगरापलीकडच्या मावळातलं तुंग आणि लोहगड आहे. यादी हवीच. पण रायगडातली इर्शाळवाडी तिथल्या दरडप्रवण यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. वाडीची वाडी रात्रीतून गेली, २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. यादी करणारा तज्ज्ञ एखाद्या उतारावर वर्षातून एकदा येतो, कदाचित उन्हाळ्यात. गुरं घेऊन रोज वर जाणाऱ्याला भेग आधी दिसते, आणि ती दर पावसाळ्यातली असेल असं समजून तो पुढे जातो.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकावी, दोन्हींमधलं अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवावं आणि रोज मोजावं. घराच्या तड्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घालावी, तडा रेघेपुढे गेला की कळतं. कळवायचं ग्रामपंचायतीला, तलाठ्याला, पौडच्या तहसील कार्यालयाला, आणि कुणी उचलत नसेल तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, १०७७वर. ‘साहेब, डोंगराला भेग पडलीय’ असं सांगितलं तर समोरचा लिहून घेतो आणि ठेवून देतो. ‘सोमवारी दोन बोटं होती, गुरुवारी चार झाली, आणि खालच्या ओढ्याला काल संध्याकाळपासून गढूळ पाणी आहे’ असं सांगितलं तर त्याला निदान पुढचा प्रश्न विचारावा लागतो, की खाली घरं किती आहेत.